वेल्सची गरिबी आणि न मोजलेले तास

महोदय,

वेल्समधल्या पोर्ट टॅलबटच्या पोलाद कारखान्याची शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाली, तेव्हा मालक मुंबईचे टाटा असल्याने मराठी वृत्तपत्रांनीही त्याची दखल घेतली. तोटा किती, विजेवरची नवी भट्टी केव्हा, ब्रिटिश सरकारचे ५० कोटी पौंड कशासाठी, सगळं छापून आलं. सुमारे दोन हजार नोकऱ्या गेल्याचंही आलं. मी शेजारच्या स्वान्सीत राहते. नोकरी गेलेल्या माणसाला पुढे कोणतं काम मिळतं, हे कुणी विचारत नाही, म्हणून हे पत्र. भट्टीवरच्या एका पगारात घर चालायचं. आता या भागात चटकन मिळतं ते काम गोदामातलं, दुकानातलं, नाहीतर घरोघरी जाऊन वृद्धांची सेवा करण्याचं.

वेल्समधली साधारण तीस टक्के मुलं गरिबीत वाढतात, आणि त्यातल्या बहुतेकांच्या घरी आई किंवा वडील कामाला जातात. म्हणजे नुसतं काम मिळून इथे भागत नाही. बालदारिद्र्य २०२० पर्यंत संपवण्याचं उद्दिष्ट वेल्स सरकारनं ठेवलं होतं. २०१६ मध्ये ते सोडून दिलं. ‘कम्युनिटीज फर्स्ट’ हा गरीब वस्त्यांसाठीचा २००१ पासूनचा मोठा कार्यक्रमही २०१८ मध्ये गुंडाळला. २०२२ च्या अखेरीस वेल्सच्या महालेखापरीक्षकांनी स्पष्ट उद्दिष्टं ठरवा असं सुनावलं, तरी जानेवारी २०२४ च्या बालदारिद्र्य धोरणात ध्येयं आली आणि आकडे आलेच नाहीत. कोणत्या वर्षापर्यंत किती मुलं या गरिबीतून बाहेर काढणार, हे ज्यात लिहिलेलं नाही, त्याचा जाब कुणी कुणाला विचारायचा?

सरकारचं उत्तर ठरलेलं असतं: किमान वेतन आणि बहुतेक भत्ते लंडनच्या, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या हातात आहेत. ते खरं आहे. दोन मुलांपुरताच भत्ता देण्याची २०१७ ची अट लंडनची होती, आणि ती काढण्याची घोषणाही नोव्हेंबर २०२५ मध्ये लंडनलाच करावी लागली. पण केअररचं, म्हणजे वृद्धांची सेवा करणाऱ्यांचं काम वेल्सच्या अखत्यारीत येतं. पैसा बराचसा सरकारी, आणि कंत्राटं इथल्याच २२ स्थानिक कौन्सिलांची.

या कामगारांना रिअल लिव्हिंग वेज, म्हणजे जगण्याच्या खर्चावरून ठरवलेला, किमान वेतनापेक्षा जास्त दर देण्याचा निर्णय वेल्सनं २०२२ मध्ये अमलात आणला. चांगला निर्णय, माझा त्याला मनापासून पाठिंबा आहे. एप्रिल २०२५ मध्ये कायदेशीर किमान वेतन तासाला १२ पौंड २१ पेन्स होतं आणि केअररचा दर १२ पौंड ६०. पण तास मोजायचा कोणता? माझ्या ओळखीची नाशिकची एक मुलगी हे काम करते. तिच्या मोबाइलवर रोज रोटा, म्हणजे कामाचं वेळापत्रक येतं. एका आजींकडे अर्धा तास, मग गाडीनं पुढच्या घरी, तिथे आजोबांना अंघोळ, औषधं, चहा, पुन्हा गाडी. पगार फक्त घरातल्या वेळेचा. पाच तास सेवा आणि दोन तास रस्त्यावर गेले, तर हातात ६३ पौंड पडतात. सात तासांवर वाटा, तासाला ९ पौंड झाले. प्रवासाचा हा वेळ किमान वेतनात धरायचा हा कायदाच आहे. सेवेचा आणि प्रवासाचा वेळ रोट्यावर वेगळा दाखवा, असा वेल्सचा स्वतःचा नियमही २०१८ पासून आहे. तो पाळला जातो का, हे कंत्राट देणाऱ्या कौन्सिलनं तपासायला नको का?

ती तक्रार करत नाही, कारण व्हिसा मालकाच्या हातात. नोकरी गेली तर नवा मालक मिळेपर्यंत मुक्काम धोक्यात. अशा व्हिसावर सरकारी भत्तेही मिळत नाहीत, त्यामुळे भत्ते लोकांना सहज मिळावेत म्हणून वेल्स सरकारनं काढलेल्या सनदेचा तिला काडीचा उपयोग नाही. तिच्या मुलाला मात्र शाळेत दुपारचं जेवण फुकट मिळतं. प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला ते देण्याची योजना सप्टेंबर २०२४ पर्यंत वेल्सभर लागू झाली. तिथे कुणी उत्पन्नाचा दाखला मागत नाही, व्हिसा विचारत नाही. वेल्सच्या एवढ्या सगळ्या कागदांत मला सर्वांत ठोस वाटणारी गोष्ट हीच.

म्हणून माझी मागणी साधी आहे. वेल्स सरकारनं बालदारिद्र्य घटवण्याचा आकडा आणि वर्ष कागदावर लिहावं. सेवेच्या प्रत्येक कंत्राटात प्रवासाच्या वेळेचे पैसे धरावेत, आणि ते कामगाराच्या हातात पडले की नाही हे कौन्सिलनं पगाराच्या पावत्या मागवून पाहावं. जो मालक ते देत नाही, त्याला पुढचं कंत्राट देऊ नये. त्यासाठी लंडनची परवानगी लागत नाही.

– एक वाचक, स्वान्सी (वेल्स)