घरी खायला लावलेल्या कणगीचा रकाना कुठे आहे?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यातल्या शेतीची बातमी तुमच्या पेपरात हल्ली दर आठ-पंधरा दिवसांनी असतेच, गव्यांनी कुळागरात (पोफळी-केळीच्या बागेत) केळी मोडली नाहीतर डुकरांनी भात लोळवलं, आणि मग लोकांच्या दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते गोळ्या घाला, दुसरी म्हणते तुम्हीच जंगलात घुसलात. दोघांनाही आमच्या घरी एक रात्र वस्तीला बोलवावंसं वाटतं.

आमची वाडी म्हादई अभयारण्याला लागून आहे. मी जवळच्या होंडा गावात फॅक्टरीत शिफ्टला जातो, शेती म्हणाल तर आई बघते. गेल्या दिवाळीनंतर तिची घरामागची कणगी (रताळ्यासारखा उकडून खायचा कंद) काढायला आली होती, बाजूला थोडी काटेकणगी, दोन-चार सुरण. मी नाइट शिफ्ट करून सकाळी सातला घरी आलो तर आई हातात कोयता घेऊन नुसती उभी. अख्खी जागा नांगर फिरवल्यासारखी, गुडघाभर खड्डे, अर्धी चावलेली कणगी इकडेतिकडे टाकलेली. पत्र्याचा डबा आणि जुन्या सीडी बांधल्या होत्या त्या तशाच वाऱ्यावर हलत होत्या. आई एवढंच म्हणाली, पिकली कधी ते डुकराला माझ्याआधी कळतं.

नुकसानभरपाई मिळते म्हणून मी सुट्टी टाकून एका ऑफिसात गेलो. कृषी कार्ड आहे? एक चौदाच्या उताऱ्यावर (आमचा सातबारा म्हणा) नाव आहे? क्षेत्र किती, झाडं किती? आता सत्तरीत मोकाशाच्या, म्हणजे जुन्या इनामदारांच्या जमिनी, किती जणांचं नाव उताऱ्यावर असतं ते सांगायला नको, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे दावे तर आमच्याकडे नातवंडांच्या वयाचे झालेत. पण मला लागलं ते दुसरंच. तिथला माणूस, स्वभावाने बरा होता हां, मला विचारतो, घरी खायला लावलेलं ना, विकायला नव्हे ना, मग नुकसान कसलं?

तर संपादकसाहेब, नुकसान हे. शिगम्यापर्यंत आमच्याकडे सकाळच्या चहाबरोबर उकडलेली कणगी असायची, ती बंद झाली. त्याआधी नाचणी बंद झाली. परसातली भेंडी, दोडकी, वाल माकडांनी बंद केले (लाल तोंडाच्या माकडाला आमच्याकडे खेती म्हणतात, नाव खेती आणि खेतीच करू देत नाही!). आता आई वाळपईला जाऊन बेळगावहून आलेली भाजी घेते. जन्मभर जिने भाजी विकत घेतली नाही ती बाई साठीनंतर कोबीचा भाव विचारते. हे कुठल्याच रकान्यात बसत नाही म्हणून ते झालंच नाही असं धरायचं का?

डुकरं वाढली असं सगळे म्हणतात, वाढली असतीलही. पण आज्जीच्या वेळी पण डुकरं होतीच की. तेव्हा अख्खी वाडी एकदम पेरायची, डोंगरावर नाचणी, खाली भात, आणि माच (मचाण) बांधून पाळीपाळीने राखण. जनावर आलं तरी पन्नास जणांच्यात थोडं थोडं जायचं. आता पोरं नोकरीला, मी पण त्यातलाच, निम्मी शेतं पडीक, त्यात पुरुषभर झाडी माजली आणि डुकराला दिवसा झोपायला ती जागा एक नंबर. रात्री उठलं की समोर एकच पीक, आमच्या आईचं. सोलर कुंपणाला सबसिडी आहे, चांगली गोष्ट आहे, पण आमच्या वाडीत जो तो एकेकटा घेतो. शेजाऱ्याने घातलं की डुक्कर आमच्याकडे वळतं, आम्ही घातलं की पुढच्या घरी. वाडीभोवती मिळून एकच कुंपण घालायला पैसे द्या ना, आणि उताऱ्यावर नाव नाही म्हणून कोणाला वगळू नका.

गोळ्या घाला म्हणणाऱ्यांना पण सांगतो. केरळने २०२२ मध्ये रानडुकराबाबत पंचायतीच्या प्रमुखांना मारायची परवानगी द्यायचे अधिकार दिले, तसं इथेही करता येईल, डुक्कर वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या, म्हणजे कमी संरक्षणाच्या अनुसूचीत आहे. खेतीचं तसं नाही, २०२२ च्या दुरुस्तीत त्यांना वाघाच्या पंगतीला पहिल्या अनुसूचीत बसवलंय, आणि गवा तर आपला राज्यप्राणी. म्हणजे बंदुकीने आमचा एक तृतीयांश पण प्रश्न सुटत नाही. आणि परवानगी नाही म्हणून शिकार होत नाही असं थोडंच आहे. फासक्या (तारेचे फास) लागतात, सगळ्यांना माहीत आहे. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबटा अडकतो, म्हणजे डुकरं खाणारा होता तोच गेला.

२०२० च्या जानेवारीत सत्तरीतल्याच गोळावलीला वाघीण आणि तिची तीन पिल्लं विषाने मेली तेव्हा आज्जी दोन दिवस नीट जेवली नाही. आमच्याकडे वाघ्रो देव आहे, वाघाला आम्ही पुजतो. विष घालणं चूकच, पण वाघामुळे गोठ्यातली गाय गेल्यावर दुधाचे पैसे कोण कधी देणार हे विष घालणाऱ्याला कोणी वेळेवर सांगितलं असतं तर, असं मला अजून वाटतं. १९९९ मध्ये राष्ट्रपती राजवटीत हे अभयारण्य जाहीर झालं, २०८ चौरस किलोमीटर, तेव्हा आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. २०२३ मध्ये हायकोर्टाने व्याघ्र प्रकल्प करायला सांगितला, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, आणि ह्या सगळ्यात घरटी काय पिकत होतं आणि आता काय विकत आणावं लागतं ह्याची साधी यादी करायला आमच्या वाडीत आजवर कोणी आलेलं नाही. मला विरोध करायचाच नाहीये, जंगल आहे म्हणून विहिरीला मे महिन्यात पाणी आहे हे मला कळतं. ती यादी आधी करा एवढंच.

आईने यंदा सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून कणगी लावलीय, पत्र्याच्या गच्चीवर, शिडी काढून ठेवते. डुक्कर तिथे चढत नाही. खेतीने मात्र परवा एक पोतं उलटं केलं.

आपला,
एक वाचक, सत्तरी