तुरीच्या राशीआधी या

पुणे,
रविवार

आई आणि अण्णा,

फोनवर अण्णांच्या डोळ्याच्या ऑपरेशनचा विषय काढला की अण्णा "बरं बरं, बघू" म्हणतात आणि फोन तुझ्या हातात देतात. म्हणून लिहून पाठवतेय. आई, मोठ्यानं वाचून दाखव, मधलं काही गाळू नको.

अण्णा, त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तुम्ही विचारलंत, "आपरेशन झाल्यावर तुझ्या आईसारखं लख्ख दिसंल ना?" मी मान डोलावली. तुम्ही नाही म्हणाल या भीतीनं. पण ते खरं नव्हतं. आईचा मोतीबिंदू होता. गढूळ झालेलं भिंग काढलं, नवं बसवलं आणि चार दिवसांत बाई सुईत दोरा ओवायला लागली. तुमचा काचबिंदू आहे. यात डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नसच वाळत जाते आणि वाळलेली नस पुन्हा हिरवी होत नाही. गेलेली नजर ऑपरेशननं येणार नाही. उरलीय ती राखायची, एवढ्यासाठीच ते करायचं.

"मला तर दिसायलंय की," हे तुमचं ठरलेलं. पेपर वाचता, तेही मान्य. पण या आजारात बहुतेक वेळा कडेची नजर आधी जाते, मधली शेवटपर्यंत तग धरते. दुखतही नाही, त्यामुळं कळत नाही. ते अर्ध्या गोलात तोंड घालून बसायचं मशीन आठवतं? उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. तुम्ही मध्येच मान काढून त्या पोरीला म्हणालात, "बाई, तुझे दिवे लागंनात, मशीन बिघडलंय." दिवे लागत होते, अण्णा. डाव्या डोळ्याच्या कागदावर अर्ध्याहून जास्त भाग शाई सांडल्यासारखा काळा आला. दिवाळीत डाव्या हाताला ठेवलेला तांब्या तीनदा लवंडला आणि आई तुमच्यावर करवादली, ते त्याचमुळं.

कशानं झालं म्हणता, तर डोळ्याच्या आत सारखं पाणी तयार होतं. अश्रू नव्हेत, आतलं पाणी. ते बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून निघून जातं. ठिबकचा फिल्टर चोक झाला की गेजचा काटा कसा चढतो? तसंच. दाब साधारण 10 ते 21 असावा. तुमचा डावा तीन-तीन औषधं टाकूनही 32 आहे.

मळणीच्या धुरळ्यानं डोळे चुरचुरतात म्हणून तुम्ही मेडिकलवरून थेंब आणायचात ना, दोन वर्षं? गार वाटायचं. त्यात स्टेरॉइड होतं. ते महिनोन्महिने टाकलं की काहींच्या डोळ्यातला दाब चढतो. चिठ्ठीशिवाय देणाऱ्याचा मला अजून राग येतो. पण सगळं खापर त्याच्यावरही फोडता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. वय आहे, शिवाय हे घराण्यात उतरतं. आजोबांचे डोळे म्हातारपणानं गेले असं आपण म्हणत आलो, तपासले कुणी होते? मी माझे तपासून घेतले, दाब 16 आणि 15 निघाला. काकांनाही पाठवा.

आता ऑपरेशन. नाव ट्रॅबेक्युलेक्टॉमी, 1968 सालापासूनची रीत. डोळ्याशेजारी सुई देऊन बधिर करतात. वरच्या पापणीआड, डोळ्याच्या पांढऱ्या भागात एक पातळ झडप उचलतात, तिच्याखाली लहानसं भोक पाडतात आणि झडप टाक्यांनी परत बसवतात. मोकळं भोक ठेवलं तर दाब एकदम उतरेल, म्हणून झडप. पाणी तिथून झिरपतं आणि वरच्या पातळ पडद्याखाली मुरतं. धरणाला सांडवा काढावा तसं. एरवी जखम भरून आली की आपण नारळ फोडतो. इथं भरून आली तर सांडवाच बुजतो, म्हणून ती भरू नये असं औषध लावतात.

नंतर काही आठवडे धूसर दिसेल. तेव्हा "पोरीनं डोळा घालवला" असं गावभर सांगत फिरू नका. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, डोळा चोळायचा नाही, झोपताना डोळ्यावर झाकणाची टोपी लावायची. पहिला महिना सारख्या फेऱ्या, म्हणून मुक्काम इथंच. आणि पुढं कितीही वर्षांनी तो डोळा लाल झाला, दुखला, चिपडं आली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. त्या वाटेनं जंतू आत शिरू शकतो.

"तुरीची रास झाली की येतो" हे चालणार नाही. काकांशी बोलले आहे. काट्यावर पोतं चढलं की ते तुम्हाला फोन करतील, प्रत्येक पोत्याला.

आई, थेंब टाकलेस की नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धर, आणि दुसरी बाटली पाच मिनिटांनी. येताना सगळ्या बाटल्या आण, ती जुनी मेडिकलवालीसुद्धा. बुधवारच्या ट्रॅव्हल्सची दोन तिकिटं काढली आहेत. अण्णांना खिडकीशी बसू देऊ नको, उतरताना डावीकडचा दांडा त्यांना दिसत नाही. तू त्यांच्या डाव्या हाताला राहा.

तुमची,
मंगल