पावाच्या दुकानातून आलेल्या त्या आवाजासाठी

प्रिय ताई,

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण फोनवर नुसतं 'थँक्यू' म्हणून माझं समाधान झालेलं नाही. स्पेनमधल्या सालामांकाहून स्पॅनिश शिकून परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात मेक्सिकोच्या ग्राहकाशी अडखळत का होईना, पण सलग बोलले. मध्ये एकदाही फोन शेजारच्या सहकाऱ्याकडे दिला नाही. फोन ठेवला आणि आधी तुम्ही आठवलात. तो भर अजून ओसरलेला नाही, तोवर लिहून टाकते.

आधी जरा बाकीच्यांबद्दल बोलते, राग गिळवत नाही. पुण्यातल्या ज्या एजन्सीत मी गेले होते, तिथल्या बाईंनी मला स्पॅनिश किती येतं, कशासाठी शिकायचंय, यातलं काही विचारायच्या आत बजेट विचारलं. मग बार्सिलोना. मी म्हटलं, तिथे कातालान भाषाही चालते ना? तर म्हणाल्या, "मॅडम, समुद्र आहे!" पुन्हा विचारलं, तर सालामांकाचं माहितीपत्रक पुढे सरकवलं. त्यात विद्यापीठ 1218 सालचं, जुनं शहर 1988 पासून जागतिक वारसा यादीत, स्पॅनिशचं पहिलं व्याकरण 1492 साली लिहिणारा नेब्रिहा इथे शिकवायचा, असं सगळं होतं. मी संध्याकाळी आठ वाजता कोणाशी बोलणार, एवढंच नव्हतं. ऑफिसातला एक जण म्हणाला सेव्हिलला जा, फोटो भारी येतात. जुलैत तिथला पारा चाळीशी ओलांडतो, ते फोटोत कुठे दिसतं! साठवलेले पैसे माझे, बिनपगारी रजा माझी, आणि सल्ला देणाऱ्याला पाच मिनिटंही जड.

अशात ओळखीच्या ओळखीतून तुमचा नंबर मिळाला. माद्रिदमध्ये राहणाऱ्या, कामानिमित्त सतत फिरतीवर असलेल्या बाईने सांगलीच्या अनोळखी मुलीला उत्तर तरी का द्यावं? तुम्ही दिलंत, तेही उलट प्रश्न विचारून. ग्राहक कुठले? मेक्सिकोचे? मग स्पेनला कशाला, ग्वाटेमालातल्या अँटिग्वाला जा, शिक्षक एकेकट्याला समोर बसवून शिकवतात आणि स्वस्तही पडतं, असं सरळ सांगितलंत. तुमच्या स्पेनची बाजू घेतली नाहीत. विमानाचं भाडं आणि प्रवासात जाणारे दिवस यांचा हिशेब मीच मांडला, तेव्हा कुठे आपण स्पेनकडे वळलो.

बार्सिलोनाबद्दलही तुम्ही नीट बोललात. तिथे स्पॅनिश सगळ्यांना येतं, शिकता येणार नाही असं नाही. पण पाट्या कातालानमध्ये, दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाशी कातालानमध्ये, आणि तू अडखळलीस की समोरचा भलेपणाने इंग्रजीवर येणार. सालामांकाचं स्पॅनिश म्हणे सगळ्यात शुद्ध, यावर हसलात. तिकडचे लोकही 'त्याला' म्हणताना पुस्तकातल्या 'लो'च्या जागी सर्रास 'ले' म्हणतात, शुद्धपणाच्या मागे लागू नकोस, कानाला काय झेपतं ते बघ, म्हणालात.

आणि मग तुम्ही ते केलंत, ज्यासाठी हे पत्र आहे.

तुम्ही ग्रानादाला कामाला गेला होतात, त्यानंतर सालामांकाला. दोन्हीकडे दुकानात शिरून, समोरच्याची परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड केलंत. प्रश्न एकच: "आमच्या भारतातल्या एका मुलीला स्पॅनिश शिकायला यायचंय, तुमच्या गावाला यावं का तिने?" ग्रानादाचा फळवाला जोरात हसला. शब्दांच्या शेवटचे 'स' गिळून तो काय काय बोलला त्यातलं मला त्या वेळी फक्त 'ये' एवढंच कळलं. सालामांकाची पाववाली आधी चौकशीला लागली: कितीची आहे, एकटीच येणार का, खाते काय? तुम्ही सांगितलंत, शाकाहारी आहे. "अरे देवा," ती म्हणाली. मग आवाज फोनजवळ आला आणि ती माझ्याशी बोलायला लागली, शब्द सुटे करून: मुली, ये. मी हळू बोलेन. घाई करू नकोस. मागून कुणीतरी पाव मागितला, तर त्याला म्हणाली, थांब जरा.

ताई, एवढा वेळ कुणी, कुठल्याही भाषेत, माझ्यासाठी रांग थांबवली नव्हती.

रेकॉर्डिंगसोबत तुम्ही सल्ला पाठवला नाहीत. "ऐक आणि ठरव" एवढंच लिहिलंत. माझ्या वतीने अनोळखी दुकानात जाऊन तो प्रश्न विचारताना थोडं तरी ओशाळल्यासारखं झालं असेल ना तुम्हाला? मी असते तर मला झालं असतं. मदत करणारे पुष्कळ जण आपलं मत देतात. माझ्यासाठी दुसऱ्याच्या दारात जाऊन उभं राहणारी माणसं मला फार भेटलेली नाहीत. आमच्या गल्लीतले एक काका होते तसे, दहावीचा दाखला मिळेना तेव्हा माझ्याबरोबर शाळेत येऊन बसले होते. जातीचे नाहीत, नात्याचे नाहीत. अशा माणसांना आपण भाबडं म्हणतो आणि गरज पडली की त्यांच्याचकडे जातो.

व्हिसाचं आणि प्रवासाचं काय लिहू, ते सगळ्यांचं सारखंच असतं. सालामांका समुद्रसपाटीपासून आठशे मीटरवर, त्यामुळे दिवसा ऊन भाजून काढतं आणि रात्री शाल लागते, हे तुम्ही सांगितलं होतंत, म्हणून शाल नेली होती. उजेड जवळजवळ दहा वाजेपर्यंत. प्लाझा मायोर या मुख्य चौकातल्या बाकांवर तिथल्या आज्या येऊन बसायच्या, आणि माझ्या घरमालकीणबाई मला रोज त्यांच्यात नेऊन बसवायच्या. वर्गात व्याकरण झालं, बोलणं झालं ते त्या बाकांवर. 'वेजेताल' म्हणजे भाज्यांच्या सँडविचमध्ये ट्यूना मासा निघतो हेही तिथेच कळलं, सगळ्या आज्या पोट धरून हसल्या.

पाववाली सापडली. तिला मी काही आठवत नव्हते. कुठली भारतातली मुलगी, कुठलं रेकॉर्डिंग! पण बोलली हळूच, आणि रांग याही वेळी थांबली.

आता एक गंमत. त्या दोन्ही फायली मी क्लासमधल्या एका मुलीला दिल्या. तिलाही पुढच्या उन्हाळ्यात जायचंय आणि तीही त्याच एजन्सीच्या तावडीत सापडली होती. तिने दोनदा ऐकल्या आणि म्हणाली, मला फळवाला आवडला. ग्रानादाचं बुकिंग करून मोकळी झाली. मी वाद घातला नाही. फक्त तुमचा नंबर दिलाय, तेवढं सांभाळून घ्या.

तुमची,
सांगलीची ती मुलगी