बाणांना जरा जागा सोडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीच्या निकालानंतर तुम्ही पुढच्या वाटांचा अर्ध्या पानाचा तक्ता छापला होता, चौकोन आणि बाणांचा. कल्पना झकास, दरवर्षी छापा. पण त्याच्यावरून आमच्याकडे जेवताना भांडण झालं. भाचीने पेपर माझ्या ताटाशेजारी आपटला, मामा बघ, कॉमर्सवरून पण डिप्लोमाच्या डायरेक्ट सेकंड इयरला जाता येतं, तू उगाच सायन्स सायन्स करतोस. मी म्हटलं छे, ते मुख्यतः बारावी सायन्सवाल्यांना नाहीतर आयटीआय केलेल्यांना. ती म्हणे छापलंय ना इथे! आणि खरंच तसं दिसत होतं हो. चष्मा पुसून बोट ठेवून बघितलं तेव्हा कळलं की कॉमर्सकडून बी.कॉम.ला जाणारी रेघ आणि आयटीआयकडून डिप्लोमाला जाणारी रेघ मधल्या पट्टीत चक्क एकमेकींवर बसल्यात, चांगलं तीन बोटं अंतर एकच रेघ, मग पुढे फाटा फुटतो, आता कुठली कुठे गेली कोण सांगणार. सायन्सवाला बाण तर दुसऱ्याच एका चौकोनाच्या पोटातून आरपार.

म्हणजे माहिती चुकलेली नाही, स्पेसिंग चुकलंय. मी पोटासाठी असलीच चित्रं काढतो (सर्व्हरची, पण चौकोन-बाण तेच) म्हणून राहवलं नाही.

लोकांना वाटतं ऑटोमॅटिक राउटिंग (म्हणजे रेघांच्या वाटा आपोआप आखणं) लावलं की सॉफ्टवेअर बघून घेईल. ते बघतं, पण तुम्ही जेवढी जागा दिलीत तेवढ्यातच. दोन चौकोनांमधली जागा म्हणजे दोन वाड्यांमधला बोळ समजा. बोळ केवढा ठेवायचा हे एक सेटिंग, रेघ भिंतीपासून किती लांब चालणार हे दुसरं, आणि दोन रेघा शेजारून चालल्या तर त्यांच्यात किती अंतर हे तिसरं. बहुतेक जण फक्त पहिलं बदलतात आणि बाकीच्या दोघांचं नावही ऐकलेलं नसतं. ईएलके नावाचं एक फुकट मिळणारं लेआउट इंजिन (चौकोन-रेघा आपोआप मांडणारं सॉफ्टवेअर) आहे, जर्मनीतल्या कील युनिव्हर्सिटीत वाढलेलं, त्यात हे आकडे आधीपासून भरलेले असतात: चौकोन ते चौकोन 20, रेघ ते चौकोन 10, रेघ ते रेघ 10 (पिक्सेल धरा). आता एका बोळातून चार रेघा न्यायच्या तर दोन्ही भिंतींपाशी 10-10 आणि रेघांच्या मधली तीन अंतरं मिळून 30, झाले 50. वीसच्या बोळात पन्नासचं काम कसं होणार? चौकोन थराथराने स्वतःच मांडत असेल तर ईएलके हा हिशोब करून चौकोन बाजूला सरकवतं, म्हणून तिथे निभावतं.

पण चौकोन माणसाने हाताने जागेवर बसवलेले असतील (पेपरात तसंच होत असणार, कारण कोपऱ्यात जाहिरात असते!) तर सरकवणार कोण. जॉइंटजेएस या चित्रं काढायच्या लायब्ररीतला मॅनहॅटन राउटर (काटकोनात वळत वाट शोधणारा) घ्या, तो प्रत्येक चौकोनाभोवती ठरावीक अंतराचं कुंपण धरून चालतो, म्हणजे दोन चौकोनांत त्याच्या दुपटीपेक्षा कमी जागा असली की तो बोळ त्याच्या लेखी बंद. मग रेघ गावाला वळसा घालून येते, आणि तीही वाट नाही सापडली तर साधी काटकोनी रेघ ओढून मोकळा होतो, मध्ये कोणाचं घर आहे ते न बघता. शिवाय तो एकेक रेघ सुटी सुटी आखतो, आधीची कुठून गेली याच्याशी त्याला देणंघेणं नाही, त्यामुळे दोन रेघांना तीच वाट सोयीची वाटली की बसल्या एकमेकींवर. आमच्या घरचं भांडण असल्याच कशातून तरी आलेलं आहे, सॉफ्टवेअर कुठलं का असेना.

रेघांनी एकमेकींना छेदलं तर माझी काही तक्रार नाही. तीन घरं आणि पाणी, गॅस, वीज असं ते जुनं कोडं आहे ना, तिथे सपाट कागदावर एकही छेद न देता सगळी कनेक्शन जोडताच येत नाहीत, हे सिद्ध झालेलं आहे. छेद डोळ्याला कळतो, एकावर एक बसलेली रेघ नाही कळत.

आणि छापताना चित्र लहान होतं ते वेगळंच. ग्राफव्हिझ या असल्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये शेजारच्या दोन चौकोनांत पाव इंच जागा आपोआप सुटते, स्क्रीनवर ऐसपैस वाटते, पण चित्र निम्म्यावर आणलं की राहिले जेमतेम तीन मिलिमीटर, त्यात दोन रेघा, आणि न्यूजप्रिंटवर शाई पसरते ती वेगळी. त्यामुळे आकडे छापायच्या साइझला धरून ठरवा, नाहीतर चौकोनातला मजकूर कमी करा. 'शासकीय तंत्रनिकेतन पदविका अभ्यासक्रम' एवढं लांबलचक कशाला, 'डिप्लोमा' लिहा, पोरं तेच म्हणतात, अर्धा बोळ तिथेच मोकळा होतो.

तुमचा तक्ता मी रविवारी परत काढला, रेघांमधलं अंतर 10 चं 18 केलं आणि आयटीआयचा चौकोन डिप्लोमाच्या शेजारी आणला, बाकी मजकूर तुमचाच. भाचीला दाखवला तर दोन मिनिटं बघून म्हणाली, मग कॉमर्सवरून नाहीच का? फाईल सोबत जोडली आहे, पुढच्या वर्षी चालली तर वापरा, नाव नको.

एक वाचक, चिंचवड