आई-आबा, गोंदियाचं मी नक्की केलंय

मालवण, २२ मे २०२६

ती. आई आणि ती. आबा,
सा. न.

फोनवर हा विषय निघाला की आई गप्प होते आणि आबा फोन तिच्या हातात देऊन बाहेर जातात, म्हणून लिहायला बसले. गोंदियाचं मी नक्की केलंय. तिथल्या नव्या नोकरीसाठी संस्थेला होकार कळवला, इथलं घर सोडत असल्याचं काकूंना सांगितलं, दादाशीही बोलले. तुम्हाला हे सगळ्यांच्या शेवटी कळतंय म्हणून वाईट वाटून घेऊ नका. तुमचा आवाज ऐकून माझा पाय मागे आला असता, म्हणून आधी ठरवलं आणि मग लिहितेय.

३१ तारखेला मालवण सोडते, पण थेट तिकडे जात नाही, आधी कोल्हापूरला घरी येते. आईच्या मनात पहिलं काय येणार ते मला माहीत आहे, म्हणून सांगून टाकते: अधिक महिना १५ जूनला संपतो. मी १६ ला गाडीत बसणार आणि १८ ला कामावर हजर होणार. अधिकात नव्या जागी पाऊल टाकणार नाही. तोवर मी तुमच्याचकडे आहे. इतकी सलग घरी मी कॉलेजनंतर राहिलेलीच नाही.

आता का, ते. आबा, हे तुमच्यासाठी, कारण पाटबंधाऱ्यात आयुष्य काढलेल्या माणसाला हे लवकर कळेल. गोंदिया-भंडाऱ्यात हजारो मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारीतले तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले. मातीची पाळ, एकाचा सांडवा दुसऱ्यात, खाली धानाची शेती. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि गाळ काढणारं कुणी उरलं नाही. बऱ्याच तलावांत बेशरम नावाच्या झुडपाचं रान माजलंय, देशी मासे कमी झालेत. ढीवर समाजाच्या मासेमारी सोसायट्या त्या तलावांवर पोट भरतात. त्यांच्याबरोबर तलाव साफ करायचे, मत्स्यबीज वाढवायचं, बायकांचे गट उभे करायचे, असं काम आहे. इथं आजवर मी कुणाच्या तरी हाताखाली होते. तिथं एका तालुक्याचं काम माझ्यावर सोपवतायत. पगारही वाढतोय, पण नुसत्या पगारासाठी मी तुमच्यापासून एवढी लांब गेले नसते.

घाई का, तर तळ्यांत बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, सोडतात ती जुलै-ऑगस्टमध्ये, पाऊस पडून पाणी भरलं की. त्याआधी प्रत्येक सोसायटीशी बसायला हवं. दिवाळीनंतर गेले तर अख्खं वर्ष वाया.

आणि आबा, मला राधानगरीला नेऊन लक्ष्मी तलावाचे स्वयंचलित दरवाजे तुम्हीच दाखवलेत ना? माणसानं हात न लावता, पाण्याच्या दाबानं दार कसं उघडतं, हे तुम्ही मला पावसात उभं राहून समजावलं होतंत. रंकाळा, कळंबा, कोटीतीर्थ, मी लहानपणापासून तळ्यांच्याच काठानं वाढले. समुद्र मला नोकरीनं दाखवला. आता तळ्याकडे निघालेय, इतकंच.

समुद्र सोडायचा म्हटल्यावर मात्र जिवाची कालवाकालव होते, हे तुमच्यापासून लपवत नाही. सध्या रोज पहाटे उठून किनाऱ्यावर जाते. काल रापण लागली होती. होडीनं जाळं लांब वळसा घालून सोडलेलं, दोराची दोन टोकं वाळूवर, आणि दोन्हीकडे माणसांच्या ओळी. मीही ओळीत घुसले. इतकी वर्षं वही-पेन घेऊन बाजूला उभी राहायचे. कुणी किती मासळी नेली, कुणाला किती भाव मिळाला ते टिपायचं काम. काल वही घरी ठेवली. काथ्याचा दोर ओला असला की हाताला करकचून लागतो, टाचा वाळूत रुततात, आणि बराच वेळ काहीच होत नाही. मग दोन्ही ओळी हळूहळू एकमेकींकडे सरकायला लागतात आणि जाळ्याच्या पोटात पाणी चमचमायला लागतं. तारली होती बरीच, थोडे बांगडे, चार-दोन मुडदुशा. दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा असतो. माझाही काढला. मी नको म्हणाले तर म्हातारे रापणकर रागावले. ओढणाऱ्यानं वाटा घ्यायचाच असतो, नाही घेतला तर तो जाळ्याचा अपमान.

बंदरात आवराआवर चाललीय. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. होड्या वर ओढून झापांनी शाकारतायत, इंजिनं उतरवून घरी नेतायत. बायका पावसाळ्याच्या बेगमीला लागल्यात: सुके बांगडे, सुकट, खारवलेली मोरी. जिकडे बघावं तिकडे वाळवण. काकूंच्या अंगणात रातांबे फोडून सोलं घातलीत, त्यांच्या लाल रसानं अख्खी पडवी रंगलीय. त्यांनी तुझ्यासाठी डबा भरून ठेवलाय आणि निरोपही आहे, "आवशीक सांग, ह्या वर्साची सोलां आसत." मी जाणार म्हटल्यापासून त्या मला रोज काहीतरी करून घालतात. काल घावन आणि नारळाचा रस झाला, आज तिरफळ घालून बांगडा. आई, तुला तिरफळाचा वास आवडत नाही हे त्यांनी लक्षात ठेवलंय. आंगणेवाडीच्या जत्रेला आली होतीस तेव्हा तू आमटी बाजूला सारलीस, ते त्यांनी पाहिलं होतं.

सिंधुदुर्ग किल्ल्यावरही जाऊन आले, पावसाळ्यासाठी होड्या बंद व्हायच्या आत. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये दूधबाव, साखरबाव, दहीबाव गोड्या पाण्याच्या. कितीदा पाहिलं तरी मला त्याचं नवल वाटतंच. शिवराजेश्वराच्या देवळात तुमच्या दोघांच्या नावानं नारळ ठेवला. राजाराम महाराजांनी बांधलेलं देऊळ, सभामंडप आपल्या शाहू महाराजांचा. तिथं उभं राहिलं की मला परक्या गावात असल्यासारखं कधी वाटलं नाही. २०२५ च्या जुलैत पन्हाळा आणि सिंधुदुर्ग एकदमच युनेस्कोच्या यादीत गेले, तेव्हा आबांनी पेपरचा फोटो पाठवून लिहिलं होतं, "तुझा आणि माझा, दोन्ही." तो मेसेज मी जपून ठेवलाय.

आता तिथल्या राहण्याचं, म्हणजे आईला झोप लागेल. अर्जुनी मोरगावला राहणार आहे. तळमजल्यावर दोन खोल्या, घरमालक नवरा-बायको दोघंही निवृत्त शिक्षक, वरच राहतात. अंगणात विहीर आहे आणि नळही. कूलर घरात आहे. जूनमध्ये पाऊस लागेपर्यंत ऊन फार असतं हे खरं, पण सकाळी लवकर फिरती करायची आणि दुपारी ऑफिसात बसायचं, असं सगळेच करतात. टोपी, उपरणं, पाण्याची बाटली, सगळं घेते. गाव धानाचं, म्हणजे भाताचा प्रश्न नाही. भाकरीचं पीठ मी सोबत नेते. शेजारच्या दोन गावांत संस्थेच्या मुली राहतात, एकटी नाही.

आणि गाडीचं ऐका. महाराष्ट्र एक्सप्रेस आपल्या कोल्हापुरातूनच सुटते आणि गोंदियालाच संपते. दुपारी बसायचं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरायचं, मध्ये बदलायचं काही नाही. झोप लागून स्टेशन चुकलं, असंही होणार नाही, कारण पुढे गाडी जातच नाही. तुम्ही आलात की तिथून अर्जुनीला मी न्यायला येईन. लांब आहे, नाही कशी म्हणू? पण जवळ असूनही २०१९ च्या ऑगस्टातल्या पुरात काय झालं ते आपल्याला माहीत आहे. घाट बंद, हायवेवर पाणी, आणि मी इथं टीव्हीसमोर. तो विषय मी जास्त काढत नाही. जवळ असले म्हणजे हाताशी असेनच, असं तेव्हापासून मला वाटत नाही, एवढंच.

म्हणूनच यंदा तुम्ही माझं ऐकायचं. राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फूट, म्हणजे इशारा पातळी म्हटलं की दोघांनी कपडे, गोळ्या आणि कागदपत्रांची पिशवी घेऊन राजारामपुरीत मामाकडे जायचं. ४३ च्या धोका पातळीची वाट बघायची नाही, "आपल्या दारात येत नाही" हे म्हणायचं नाही. मामाशी बोलून ठेवलंय. फ्रिज आणि गाद्या माडीवर चढवायला शेजारची पोरं येतील, त्यांनाही सांगितलंय. आईनं एकही वस्तू उचलायची नाही.

आई, तुझा डावा डोळा मी असतानाच करून घ्यायचा. मोतीबिंदू पिकायची वाट बघायची, ही जुनी गोष्ट झाली. आता थांबलं की उलट अवघड जातं. तारीख मी घेतलीय, ४ जून. तू फक्त उपासाचं कारण पुढे करू नको. चटणीचं सामान आणलं असलंस तरी डंकावर जाऊ नको, खोकला अजून गेलेला नाही. मी आल्यावर मी जाते. संकेश्वरी आणि ब्याडगी किती किती घ्यायची तेवढं कागदावर लिहून ठेव. निम्मी मला लागेल.

आबा, तुमच्याशी जरा प्रेमानं आणि जरा रागानं बोलते. तीन महिन्यांची साखर तपासून किती दिवस झाले? आणि ती नवी चप्पल. कापशी आहे, करकरते, छान दिसते, सगळं मान्य. पण नवी कोल्हापुरी चावते, आणि साखर असलेल्या माणसाच्या पायाला चावलेलं कळत नाही, लवकर भरतही नाही. ती लग्नकार्याला घाला. फिरायला जाताना मी आणलेले मऊ बूट घालायचे, मोज्यांसकट. घरी आल्यावर तळवे रोज बघायचे; वाकवत नसेल तर आईला बघायला सांगायचं. ती हसेल, हसू दे.

लहानपणी पहाटे तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर न्यायचात. समोर म्हैस पिळायचे, पेला फेसानं भरायचा, आणि माझ्या ओठांवरचा फेस तुम्ही खांद्यावरच्या टॉवेलनं पुसायचात. टॉवेल खरबरीत असायचा, मी तोंड फिरवायचे, तुम्ही हनुवटी धरून परत पुसायचात. मला अजून उचकी लागली की कुणीतरी तसं तोंड पुसावं असं वाटतं. एवढी मोठी झाले तरी. मी कुठंही गेले तरी मी तुमचीच आहे हो, तुम्हाला टाकून जात नाहीये.

सांगलीच्या स्थळाबद्दल मी आल्यावर बसून बोलू. नाही म्हणत नाही आणि हो पण म्हणत नाही. त्यांना एवढंच कळवा की मुलगी गोंदियाला जातेय. त्यावर त्यांचं काय म्हणणं पडतं ते ऐकू. त्यांना चालत नसेल तर ते आताच कळलेलं बरं, आणि आई, त्यात तुझी मान खाली जाण्यासारखं काही नाही.

दिवाळी झाली की तुम्ही दोघांनी माझ्याकडे यायचं. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, तिकिटं मी काढते, दोन्ही खालचे बर्थ. नवेगाव बांध दाखवीन. महाराष्ट्रात सारस पक्षी उरलेत ते मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात. धानाच्या शेतात जोडीनं फिरतात म्हणे. आबांना पाळ आणि सांडवा बघायला मिळेल, आईला कुणी काही करायला लावणार नाही.

३१ ला फोंडा घाटानं येते, संध्याकाळपर्यंत पोचेन. बरोबर सोलं, खाजा आणि शेवटच्या पेटीतले हापूस आहेत. आबांना एक फोड, तीही जेवणानंतर नाही, दुपारी चारला. माझ्यासाठी तांबडा-पांढरा करायचा घाट घालू नको, प्रवासानंतर पिठलं-भाकरीच बरी वाटते. पुढच्या रविवारी बघू.

तुमची,
बाळी

ता. क. आबा, उद्यापासून रोज अनशापोटी साखर तपासून आकडा कॅलेंडरवर तारखेखाली लिहायचा. आल्या आल्या मी आधी कॅलेंडर बघणार आहे. आई, त्यांनी एकदम सगळे आकडे लिहून काढले तर मला सांग.