शनिवारी भोपळे कोरायला या (सगळ्यांनी वाचा)

मंडळी, हॅलोविन ३१ ऑक्टोबरला आहे आणि त्याच्या आधीच्या शनिवारी दुपारी २ वाजता एडिसनला आमच्या गॅरेजमध्ये भोपळे कोरायचेत. मागच्या वर्षी आपण पंधरा दिवस आधीच कोरले आणि ३१ येईपर्यंत बुरशी धरून सगळ्या भोपळ्यांवर कोरलेली तोंडं आत वळली, पोरं अक्षरशः रडली, म्हणून यंदा मुद्दाम उशिरा ठेवलंय, कोरलेला भोपळा जेमतेम आठवडाभर टिकतो.

- प्रत्येक घराने एक मोठा भोपळा आणि एक छोटा शुगर पंपकिन आणा. मोठ्याचा गर पाणचट, दोऱ्यादोऱ्यांचा असतो, घारगे छोट्याचेच चांगले होतात. गूळ, कणीक माझ्याकडे आहे, किसणी आणा.
- सुरी फक्त मोठ्यांच्या हातात. मुलांनी मार्करने नाक डोळे काढायचे आणि चमच्याने आतलं खरवडायचं.
- बिया टाकू नका प्लीज! धुवून, नीट पुसून, तेल मीठ तिखट चोळून ओव्हनमध्ये ३५० फॅरनहाइटला पंधरा-वीस मिनिटं, कडा लालसर झाल्या की लगेच काढायच्या.
- आत मेणबत्ती नको, बॅटरीचे दिवे आणा, पोरांचे झगे लांब असतात.

आणखी एक, मला हे फार महत्त्वाचं वाटतं. हॅलोविनला अ‍ॅलर्जीवाली मुलंही खाऊ मागायला दारावर येतात, तर एक छोटा भोपळा निळसर हिरवा रंगवून बाहेर ठेवा, म्हणजे इथे खाऊशिवाय दुसरंही काही मिळतं हे त्यांना कळतं, आणि चॉकलेटसोबत स्टिकर, पेन्सिली पण वेगळ्या वाडग्यात ठेवा. रंग मी आणतेय.

किती जण येताय ते गुरुवारपर्यंत कळवा, त्याप्रमाणे कणीक भिजवते.