लंडनच्या पलीकडची पायवाट

संपादक महोदय,

तुमच्या पर्यटन पुरवणीत इंग्लंड म्हटलं की लंडनच, म्हणून हे पत्र. मुलगा रेडिंगला असतो, त्याच्याकडे गेलो तेव्हा एका रविवारी ट्रेनने ग्रेट बेडविन या खेड्यात उतरलो आणि गोल फिरून परत त्याच स्टेशनला आलो. तिथलं सेंट मेरी चर्च गारगोटीच्या दगडाचं, आत सर जॉन सीमोर यांची समाधी, म्हणजे आठव्या हेन्रीची तिसरी राणी जेन हिचे वडील! तिथून केनेट अँड एव्हन कालव्याच्या काठाने लिटल बेडविनला गेलो, तिथे कालवा आणि रेल्वे दोन्ही गावाच्या मधूनच जातात. कालवा १८१० चा, काठची वाट बोटी ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेली, आता चालायला आपल्याला. सेंट मायकलचं छोटं चर्च बघून शेतातून परत, आणि हो, शेत खाजगी असलं तरी पायवाटेवर कोणी अडवत नाही, कायद्याने हक्कच आहे, नकाशात हिरव्या तुटक रेघा बघायच्या फक्त. बूट मात्र चिखलाचे घाला, माझे स्पोर्ट्स शूज गेले कामातून.

पाय चालत असतील तर पश्चिमेला क्रॉफ्टनपर्यंतही जा. कालव्याच्या सगळ्यात उंच भागात पाणी टिकेना म्हणून पाणी सुमारे १२ मीटर वर चढवायला बसवलेलं १८१२ चं वाफेचं इंजिन अजून चालतं, पण रोज नाही, तारखा बघूनच निघा.

अशा वाटांवरही छापा की कधीतरी.

– एक वाचक, पुणे